आजीची मराठी आणि कानातली वीज

बंगळूरच्या पश्चिमेस राजाजीनगर नावाची विस्तीर्ण वस्ती आहे. भारताचे अखेरचे गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांचे नाव तिला दिलेले आहे. आसपासच्या कारखान्यांमुळे ह्या भागाला आरंभापासून कामगारवस्तीचे वळण होते. कामगार राज्य विमा योजनेचे मोठे रुग्णालय आजही त्या मूळ प्रकृतीची साक्ष देते. पुढे नाना प्रांतांची माणसे येथे येऊन राहिली आणि त्यांतच बदलीच्या हुकमाबरोबर बिऱ्हाड हलवणारी आपल्यासारखी मराठी कुटुंबेही निरनिराळ्या ब्लॉकांतून विसावली.

त्यांपैकी एका घरी काही वर्षांपूर्वी जे पाहिले, त्यामुळे प्रस्तुत लेखाचा विषय मनात घोळू लागला. गृहस्थ केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळचे सातारा जिल्ह्यातले. घरात पत्नी, आई आणि चार वर्षांचा मुलगा. मुलगा जन्मतः बधिर. अडीच वर्षांचा असताना शस्त्रक्रिया करून त्याच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवले होते आणि त्याला आवाज कळू लागले होते. बोलणे शिकवणाऱ्या बाईंनी आईवडिलांना बजावले होते, की मुलाच्या कानावर एकच भाषा पडली पाहिजे, आणि पुढे शाळा इंग्रजी असणार तेव्हा ती भाषा इंग्रजीच असावी. आईवडिलांना इंग्रजी येत होते. आजींना येत नव्हते. सल्ला मात्र सर्वांनी निष्ठेने पाळला.

मी प्रथम त्या घरी गेलो तेव्हा आजींनी खुणेनेच ‘बसा’ म्हटले आणि न बोलता चहा पुढे ठेवला. ऐकू येत नाही ते आजींनाच की काय, असे मला क्षणभर वाटले. थोड्या वेळाने मूल आतल्या खोलीत झोपी गेले आणि आजी स्वच्छ सातारी मराठीत बोलू लागल्या. म्हणाल्या, “पोराला ऐकू यायला लागलं आणि माझं तोंड मिटलं बघा. पण त्याचं भलं होतंय ना, मग झालं.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य मनात रुतून बसले.

तो सल्ला देणाऱ्या बाई काही अडाणी नव्हत्या. त्यांचे शिक्षण उत्तम होते, मुलाविषयी त्यांची कळकळ खरी होती. मग ज्या घरात मूल वाढते त्या घराची भाषाच त्याच्या वाटेतली अडचण आहे, असे त्यांना का वाटावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की त्या सल्ल्याला मोठी परंपरा आहे. बधिर मुलाला नेमके काय कमी आहे, हे प्रत्येक युगाने आपल्या परीने ठरवले. मात्र त्या मुलाच्या घरात कोणती भाषा बोलली जाते, हा प्रश्न बहुतेकांनी सर्वांत शेवटी विचारला.

आपल्याकडे हा विचार प्रथम धर्मशास्त्राच्या कक्षेत झाला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलोपार्जित धनाचा वाटा ज्यांना मिळू नये त्यांची यादी आहे. तीत जन्मांध आणि बधिर ह्यांचा उल्लेख येतो, मुक्यांचाही येतो. धर्मकृत्यांचा अधिकार नाही म्हणून धनाचाही नाही, अशी त्यामागची उपपत्ती सांगितली जाई. अशा माणसाचे पोषण करणे हे कुटुंबाचे कर्तव्य मानले होते, पण पोषण वेगळे आणि वाटा वेगळा.

चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य ह्याच्या कारकीर्दीत कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका रचली. महाराष्ट्र आणि कर्नाटक ह्या दोन्ही प्रांतांचे कौटुंबिक व्यवहार शतकानुशतके ह्या ग्रंथाच्या आधारे चालले. विज्ञानेश्वराने ह्या नियमाला एक मार्मिक पुरवणी जोडली आहे. वाटणी झाल्यानंतर औषधादी उपायांनी दोष दूर झाला, तर त्या माणसास त्याचा वाटा मिळाला पाहिजे, असे तो म्हणतो. नियम कठोर खरा. परंतु बाहेर राहिलेला माणूस उपचाराने पुन्हा आत येऊ शकतो, एवढी फट त्या भाष्यकाराने ठेवली. जन्मबधिरतेवर मात्र त्या काळी, आणि त्यानंतरही सात-आठशे वर्षे, कोणताच उपाय नव्हता. इंग्रजी न्यायालयांनीही हाच दंडक चालवला. अखेर १९२८ साली हिंदू वारसाविषयक अपात्रता दूर करणारा कायदा झाला, तेव्हा जन्मबधिर माणसाचा वारसाहक्क निर्वेध झाला. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष किंवा व्यंग ह्या कारणाने कोणीही वारसा गमावणार नाही, असे स्पष्टच लिहिले. बधिर मूल कायद्याने घरचे वारस ठरले, त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. आणि कायद्याने मिळतो तो वारसा शेतीवाडीचा व घरादाराचा. घरातल्या बोलण्याचा वारसा कोणताही कायदा मिळवून देऊ शकत नाही.

दुसरा अध्याय शाळांचा. अठराव्या शतकात पॅरिसला आबे द लेपे नावाच्या धर्मोपदेशकाने बधिर मुलांना हातांच्या खुणांनी शिकवण्याची शाळा चालवली. त्याच सुमारास जर्मनीत लाइपझिग येथे सॅम्युएल हाइनिके ह्याने ओठ वाचून बोलायला शिकवण्याचा मार्ग धरला. ह्या दोन मार्गांचा वाद शंभर वर्षे चालला आणि १८८० साली इटलीतील मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने त्याचा निकाल वाणीच्या बाजूने लावला. परिषदेत बसलेले जवळजवळ सर्वच ऐकू येणारे होते. वर्गातून खुणांना हद्दपार करावे आणि बधिर मुलांना शुद्ध बोलणेच शिकवावे, असा ठराव झाला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांत खुणा करणाऱ्या मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे त्याच परंपरेतील परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ह्या खेदाला एकशे तीस वर्षे लागली.

आपल्या देशातील पहिली बधिर शाळा मुंबईत निघाली ती ह्याच वाऱ्याच्या काळात, १८८४-८५ च्या सुमारास, कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या प्रयत्नाने. त्यानंतर १८९३ साली कलकत्त्याची शाळा निघाली. म्हैसूर संस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ साली, अंध आणि बधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. ज्या काळी लोक ‘मुका’ ह्या शब्दाने विषय संपवत असत, त्या काळी ह्या शाळांनी केलेले काम थोरच म्हटले पाहिजे. मूल मुके असते ते त्याच्या कंठात दोष असतो म्हणून नव्हे, तर बोलणे कानांवर न पडल्यामुळे. ही गोष्ट आज आपल्याला सोपी वाटते, पण ती समाजाला पटवण्यात त्या शिक्षकांचा जन्म गेला.

तथापि केवळ ओठ पाहून एक भाषा शिकायलाही मुलाला अनेक वर्षांची मेहनत करावी लागे. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ हे तिन्ही वर्ण ओठांवर सारखेच दिसतात. आरशात पाहून, गालाला हात लावून, एकेक ध्वनी घोटून घ्यावा लागे. अशा मुलावर दुसऱ्या भाषेचा भार घालू नये, हा विचार त्या परिस्थितीत समंजसपणाचाच होता. माझा तर्क असा, की राजाजीनगरातल्या त्या बाईंचा सल्ला मूळ ह्या काळातला. यंत्र बदलले, परंतु नियम जुन्या यंत्रहीन काळातून तसाच चालत आला.

ह्या नव्या यंत्राचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. विद्युत्घटाचा जनक व्होल्टा ह्याने स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्यांतून विजेचा प्रवाह सोडला. डोक्यात एक धक्का बसला आणि काहीतरी रटरटत उकळत असल्यासारखा आवाज आला, असे त्याने १८०० साली लिहून ठेवले. विजेने श्रवणाची नस जागी होऊ शकते, ह्याची ही पहिली खूण. पुढे १९५७ च्या फेब्रुवारीत पॅरिस येथे आंद्रे जूर्नो व शार्ल आयरिएस ह्या दोघांनी एका बधिर रुग्णाच्या श्रवणनसेजवळ तार बसवली. त्याला आवाजाची लय कळू लागली. १९६१ साली लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस ह्यांनी असाच प्रयत्न केला. एका तारेने आवाज आहे की नाही हे कळते, त्याचा ताल कळतो. पण शब्द उमगणे फार कठीण.

शब्द उमगण्यासाठी अनेक तारा हव्या होत्या, आणि अंतःकर्णाची ती पोकळी गोगलगाईच्या शंखासारखी, अडीच वेढ्यांची. तिच्यात तार शिरवायची कशी? ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद ग्रॅम क्लार्क ह्यांचे वडील कानांनी अधू होते आणि त्यांची धडपड मुलाने लहानपणापासून पाहिलेली होती. १९७७ साली समुद्रकिनारी सुटीवर असताना क्लार्क ह्यांनी वाळूतला एक शंख उचलला आणि गवताची पाती त्यात सारून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचीक असलेले पाते वेढ्यावेढ्यांतून आत सरकत गेले. तारांचा जुडगा कसा असावा, ह्याचे उत्तर त्या पात्याने दिले. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्न येथे त्यांनी पहिले बहुतारी यंत्र एका रुग्णाच्या कानात बसवले. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे होखमायर पतिपत्नींनी घडवलेले बहुतारी यंत्र त्याआधी काही महिने, डिसेंबर १९७७ मध्ये, रुग्णाच्या कानात गेले होते. १९९० साली अमेरिकन सरकारने दोन वर्षांवरील मुलांसाठी अशा यंत्रास मान्यता दिली आणि मग लहान मुलांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

हे यंत्र ऐकणे कसे घडवते, हे थोडक्यात समजून घेतले म्हणजे पुढचा मुद्दा स्पष्ट होईल. कानामागे बाहेर बसणारा प्रोसेसर आवाज टिपतो आणि त्याचे विद्युत्संकेत करतो. डोक्याच्या कातडीवर चुंबकाने चिकटलेली एक चकती ते संकेत आत पाठवते. आतले यंत्र ते शंखातल्या तारांकडे देते. शंखाच्या बुडाशी बारीक, उंच स्वर जागे होतात आणि टोकाकडे खर्जातले. निसर्गाने आपल्या प्रत्येक कानात आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या सुमारे साडेतीन हजार केशपेशी ठेवलेल्या आहेत. यंत्रात त्यांची जागा बावीस किंवा त्याहूनही कमी विद्युदग्रांनी घ्यायची असते. साडेतीन हजार धाग्यांच्या पैठणीची नक्षी बावीस धाग्यांत उतरवण्यासारखे हे काम आहे. आश्चर्य असे, की मुलाचा मेंदू त्या बावीस धाग्यांतूनही नक्षी ओळखायला शिकतो. मात्र त्याला ती शिकावी लागते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू होते, त्या क्षणी मुलाला मिळतो तो केवळ ध्वनी. भाषा त्या यंत्रात भरलेली नसते. ती पुढे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे, माणसांनी त्याच्या कानात ओतायची असते.

आपल्या देशात ह्या विद्येची पायाभरणी म्हैसूरला झाली. १९६५ साली केंद्र सरकारने तेथे वाचा व श्रवण ह्या विषयाची अखिल भारतीय संस्था स्थापन केली. बंगळूरच्या मराठी माणसालाही बधिर मुलाच्या काळजीने कधी ना कधी तिकडची वाट धरावी लागते. मूल आणि आई दोघांनाही एकत्र शिकवण्याची जी पद्धत म्हैसुरात रुजली, ती मला ह्या साऱ्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. कारण तिने शिक्षकाचे आसन आईला दिले. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था निघाली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. भारतात ह्या शस्त्रक्रियेची वाट पाडणाऱ्या शल्यविशारदांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने हे एक ठळक नाव. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

यंत्राची किंमत लाखांच्या घरातली, त्यामुळे प्रथम ते श्रीमंतांचेच राहिले. बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला आणि जन्मजात बधिरता त्याच्या यादीत आली. १ एप्रिल २०१४ पासून केंद्राच्या साहाय्यक साधनांच्या योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला. त्या वेळी वर्षाला पाचशे मुले आणि प्रत्येक मुलामागे सहा लाख रुपयांची मर्यादा, असा आकडा ठरला. कर्नाटक सरकारनेही लहान मुलांसाठी ‘श्रवण संजीवनी’ ह्या नावाने योजना काढली. शेतमजुराच्या मुलालाही हे यंत्र मिळू शकते, ही गोष्ट लहान नव्हे. विज्ञानेश्वराने ठेवलेली ती फट आता दरवाजाएवढी झाली, असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

तेव्हा मूल आत आले. पण आत येऊन ते सुखी आहे काय? वैद्यकाने हा प्रश्न विचारायला बराच वेळ लावला. आरंभी सारी मोजमापे कानाची होती: किती मंद आवाज कळतो, दहापैकी किती शब्द बरोबर ओळखतो. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे १९८९ साली मुलांसाठी हे काम सुरू झाले. तेथील मंडळींनी पुढे आईबापांच्याच अनुभवांवरून एक प्रश्नावली तयार केली. मुलाचे इतरांशी बोलणे कसे आहे, त्याचा आत्मविश्वास, त्याचे स्वावलंबन, घरातल्यांशी आणि मित्रांशी त्याचे नाते, शाळेतली प्रगती, असे प्रश्न तीत आहेत. ती जगात अनेक ठिकाणी वापरली गेली. अमेरिकेतील टेक्सस राज्यात काही संशोधकांनी प्रत्यक्ष मुलांनाच विचारले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात यंत्रधारी मुलांनी आपल्या एकंदर जीवनाबद्दल दिलेली उत्तरे ऐकू येणाऱ्या मुलांच्या उत्तरांहून फारशी वेगळी नव्हती. जीवनाची गुणवत्ता म्हणून जी गोष्ट म्हणतात, ती कानात मोजता येत नाही. ती माणसामाणसांतल्या अंतरात मोजावी लागते, हे ह्या साऱ्या प्रश्नांनी मान्य केले.

वयाचा हिशेब मात्र कठोर आहे. २००२ साली अमेरिकेतील संशोधनाने दाखवून दिले, की साधारण साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसले तर मेंदूचा श्रवणभाग अवघ्या काही महिन्यांत वयाला साजेसा प्रतिसाद देऊ लागतो. सातव्या वर्षानंतर बसले तर तो क्वचितच तसा देतो. म्हणून बाळ आवाजाला दचकत नाही, अशी शंका येताच तपासणी करून घ्यावी. “आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात” ह्या वडीलधाऱ्यांच्या धीरावर विसंबून कित्येक घरांनी ती मोलाची वर्षे घालवली आहेत.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. एकच भाषा ह्या नियमाची परीक्षा शेवटी शास्त्रानेच घेतली. २००४ साली न्यू यॉर्ककडच्या संशोधकांनी लहान वयात यंत्र बसलेल्या आणि घरी दुसरी भाषा ऐकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मुलांची पहिली भाषा तर चांगली वाढलीच, पण दुसरीही अनुभवाच्या प्रमाणात येत गेली. मुलांची संख्या थोडी होती, यंत्र लवकर बसलेले होते आणि घरी दोन्ही भाषा भरपूर बोलल्या जात होत्या, हे विसरता कामा नये. ज्या मुलाला यंत्र उशिरा मिळाले किंवा ज्याला आणखी काही अडचण आहे, त्याच्याबद्दल त्याला शिकवणाऱ्यांचे मत ऐकलेच पाहिजे. परंतु तेव्हापासून ह्या क्षेत्रात मताचे पारडे हळूहळू फिरले आहे. आईवडिलांना जी भाषा सर्वांत सहज येते, जिच्यात ते रागावतात, लाडावतात, गोष्ट सांगतात, तीच मुलाशी बोलावी, असा सल्ला आता पुष्कळ जाणती मंडळी देतात.

त्यामागचा हिशेब साधा आहे. शिकवणाऱ्या बाईंकडे मूल आठवड्यातून एक-दोन तास असते. जागेपणीचे उरलेले ऐंशी तास घरचे. त्या ऐंशी तासांत घर जर परक्या, जेमतेम भाषेत मोजकेच बोलू लागले, तर मुलाच्या वाट्याला भाषेचा दुष्काळ येतो. वरण उतू जाताना निघालेला उद्गार, देवापुढची पुटपूट, शेजारणीशी चाललेल्या गप्पा, हे सारे मूल आडून ऐकत असते आणि त्यातच भाषेचा मोठा भाग शिकते. आपली मराठी तर शब्दांच्या शेवटांत अर्थ साठवणारी. ‘गेला’, ‘गेली’, ‘गेलं’ ह्यांत फरक आहे तो शेवटच्या एका स्वराचा; आणि शब्दाचा शेवट नेहमीच मंद उच्चारला जातो. बावीस तारांतून तो मंद शेवट पकडायचा तर तो हजारदा कानांवर पडला पाहिजे. हजारदा न कंटाळता बोलणारे माणूस घरात आजीखेरीज दुसरे कोण असते?

यंत्र नीट चालते की नाही हे रोज सकाळी पाहण्यासाठी कॅनडाचे डॅनिएल लिंग ह्यांनी सहा ध्वनींची एक युक्ती सांगितली आहे: म, आ, ऊ, ई, श आणि स. मुलाच्या पाठीमागे उभे राहून हे ध्वनी म्हणायचे आणि त्याने ओळखायचे. ह्या सहांत खर्जापासून अगदी बारीक स्वरांपर्यंत बोलण्याचा सारा पल्ला येतो. वाचकांनी पाहावे, त्यांतले दोन ध्वनी जोडले की ‘आई’ हा शब्द होतो.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या घरांपुढे ह्या बाबतीत विशेष अडचणी येतात. यंत्र जुळवून घेण्याचे काम, ज्याला मॅपिंग म्हणतात, ते वरचेवर करावे लागते. नवे गाव म्हणजे नवा तज्ज्ञ, नवी शाळा आणि बहुधा रस्त्यावर नवी भाषा. बाहेरची वायर तुटते, चकती बिघडते, दमट हवेत यंत्र रोज रात्री कोरड्या डबीत ठेवावे लागते, आणि काही वर्षांनी प्रोसेसरच बदलावा लागतो. हा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चानंतरही संपत नाही, हे आधीच मनाशी धरावे. परंतु सरकारी नियमांत काही सोयीही आहेत आणि त्या पुष्कळांस ठाऊक नसतात. अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास प्रशासकीय अडचण नसेल तर नेहमीच्या फेरबदल्यांतून सूट द्यावी, असा आदेश जून २०१४ मध्ये निघाला आणि २०१८ मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या परीक्षांत बधिर विद्यार्थ्याला दोनऐवजी एकच भाषा घेण्याची मुभा आहे. ही मुभा दयेपोटी दिलेली आहे आणि अनेकांना उपयोगी पडते. मात्र परीक्षेतली भाषा सोडणे वेगळे आणि घरातली सोडणे वेगळे, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. यंत्र काढून ठेवले की मूल पुन्हा बधिर असते. न्हाताना, झोपताना, बॅटरी संपल्यावर त्याचे जग निःशब्द होते. गोंगाटाच्या वर्गात यंत्र असूनही त्याला निम्मे कळते. म्हणून हातांच्या खुणांना पूर्वीसारखे शत्रू मानण्याचे कारण उरलेले नाही. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि त्या भाषेचा कोशही तयार झाला. ज्या मुलांना यंत्र लाभत नाही किंवा ज्यांना ते नको आहे, त्यांची ती पूर्ण भाषा आहे. आणि यंत्रधारी मुलांनाही ती परकी वाटू नये. मिलानची चूक उलट्या दिशेने करण्यातही शहाणपण नाही.

राजाजीनगरातल्या त्या घराची पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. वर्षभराने त्या कुटुंबाने दुसऱ्या एका बाईंचा सल्ला घेतला. त्या कानडी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “घरात सर्वांत जास्त वेळ मुलाजवळ कोण असतं?” उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, “मग त्यांना बोलू द्या.” आजींना प्रथम खरे वाटेना. इतके महिने आवरलेले तोंड एकदम सुटेना. पहिले दोन-तीन दिवस त्या मुलापुढे दबक्या आवाजातच बोलत राहिल्या. मग एका सकाळी भाजी निवडताना त्यांनी वाटाण्याच्या शेंगा मोजायला सुरुवात केली, आणि मूल शेजारी येऊन बसले.

मूल आता शाळेत जाते. शाळेत इंग्रजी बोलते, खालच्या मजल्यावरच्या मुलांबरोबर खेळताना कानडीचे चार शब्द फेकते आणि घरी मराठी बोलते. तिन्हींत चुका आहेत. ‘ळ’ अजून ‘ल’च निघतो, वर्गात मागच्या बाकावर बसवले तर त्याला काही कळत नाही आणि तो रडकुंडीला येतो. वडिलांनी बढतीची एक बदली नाकारली आहे. त्या घराला हे सारे फुकट मिळालेले नाही.

गेल्या महिन्यात मी तेथे गेलो होतो. दार त्याच मुलाने उघडले. मला पाहून तो आत वळला आणि मोठ्याने ओरडला, “आजी, काका आला!” आतून आजींचा आवाज आला, “अरे, आला नाही, आले म्हणावं.” मुलाने क्षणभर विचार केला आणि दुरुस्ती केली, “आले.” शेवटचा तो मंद स्वर त्याने बरोबर पकडला होता.